हाती येण्याआधीच गेलेला पगार : अमेरिकी राज्यांच्या करकपातीची शंभर वर्षे

१/
अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात स्टॅमफर्ड येथे ‘येल अँड टाउन’ ही कुलुपे बनविणारी नामांकित कंपनी होती. कारखाना स्टॅमफर्डला, तर एक कार्यालय शेजारच्या न्यूयॉर्क शहरात. या कार्यालयातील काही कर्मचारी कनेक्टिकट किंवा न्यू जर्सीतून कामाला येत आणि संध्याकाळी आपापल्या राज्यात परतत. १९१९ साली न्यूयॉर्क राज्याने प्राप्तिकर लागू केला आणि अशा कंपन्यांवर एक नवे काम सोपविले. जो नोकर न्यूयॉर्कमध्ये कमावतो पण तेथे राहत नाही, त्याच्या पगारातून राज्याचा कर आधी कापून घ्यावा व उरलेली रक्कम त्याच्या हाती द्यावी. कंपनीने या आदेशाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

२/
आज पगारातून कर कापला जातो यात कोणालाच नवल वाटत नाही. पण त्या दाव्यामागचे प्रश्न साधे नव्हते. दुसऱ्याचा कर गोळा करण्याचे सरकारी काम मालकाने फुकट का करावे? हद्दीबाहेर राहणाऱ्या माणसावर राज्याचा हक्क किती? आणि सर्वांत कठीण प्रश्न असा की, जो कर भरताना जाणवतच नाही, तो लोकशाहीत इष्ट मानावा की घातक? अमेरिकेतील राज्ये या प्रश्नांशी अर्धशतकाहून अधिक काळ झगडली. या धाग्यात त्या झगड्याचा इतिहास.

३/
प्रथम अडचण समजून घ्यावी. शेतसाऱ्याला जमीन तारण असते आणि ती पळून जात नाही. जकातीसाठी नाका असतो, माल तेथून जाणारच. पगाराचे तसे नाही. तो हाती आला की भाड्यात, किराण्यात, उधारीत विरघळतो. वर्षअखेरीस सरकार दारी उभे राहिले, तर ज्याच्यावर कर लागला ते उत्पन्न शिल्लकच नसते. म्हणून पैसा जेथून निघतो तेथेच कर कापावा, ही कल्पना पुढे आली. ब्रिटनमध्ये १८०३ साली पंतप्रधान हेन्री ॲडिंग्टन यांनी प्राप्तिकराच्या कायद्यात हे तत्त्व आणले. उत्पन्न मिळविणाऱ्याच्या मागे धावण्यापेक्षा ते देणाऱ्याला गाठावे, हा त्याचा गाभा.

४/
अमेरिकेत ही पद्धत यादवी युद्धात अवतरली. १८६२ च्या केंद्रीय कायद्याने सरकारी नोकरांच्या पगारातून आणि रेल्वे व बँकांनी वाटलेल्या लाभांशातून कर कापण्याची तरतूद केली. युद्ध संपले, आणि १८७२ मध्ये तो प्राप्तिकरही संपुष्टात आला. १९१३ मध्ये राज्यघटनेच्या सोळाव्या दुरुस्तीनंतर केंद्राचा प्राप्तिकर परतला, तेव्हा मोठ्या पगारांतून एक टक्का कपातीची सक्ती झाली. मालकांनी हिशेबाच्या कटकटीविरुद्ध एवढी ओरड केली की १९१७ मध्ये ती तरतूद रद्द करावी लागली. यापुढे मालकाने कोणाला किती पगार दिला एवढे कळवायचे, पैसे कापायचे नाहीत, असे ठरले.

५/
राज्ये मात्र स्वतंत्र वाटेने निघाली होती. अमेरिकेत प्राप्तिकर लावण्याचा अधिकार केंद्राला आणि राज्यांना, दोघांनाही आहे. एकाच पगारावर दोन सरकारे कर घेऊ शकतात. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये प्राप्तिकराचा कायदा केला आणि राज्याच्या कर आयोगाकडे त्याची अंमलबजावणी सोपविली. हा कर खरोखर वसूल होतो हे पाहून इतर राज्यांनाही धीर आला. तेथेही भर होता तो माहितीवर. कंपनीने पगाराचे आकडे कळवावेत आणि नागरिकाने स्वतः कर भरावा. नागरिक राज्यातच राहत असेल तर ही पद्धत चालते. तो रोज संध्याकाळी हद्द ओलांडून जात असेल, तर काय करावे?

६/
न्यूयॉर्कचा पेच नेमका हाच होता. म्हणून त्याने रहिवाशांना मोकळे सोडून केवळ परराज्यात राहणाऱ्यांच्या पगारातून कपात ठेवली. शिवाय रहिवाशांना मिळणारी वैयक्तिक सूट, म्हणजे अविवाहितास १,००० व विवाहितास २,००० डॉलर, या लोकांना नाकारली. ‘ट्रॅव्हिस विरुद्ध येल अँड टाउन’ या खटल्याचा निकाल १ मार्च १९२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. न्यायमूर्ती महलॉन पिटनी यांनी लिहिलेला हा निकाल दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा लागला.

७/
न्यायालय म्हणाले की, जेथे श्रम केले तेथील राज्य त्या कमाईवर कर घेऊ शकते. कंपनी न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करते, म्हणून कपातीचे काम तिच्यावर सोपविणेही वाजवी आहे. रहिवासी राज्याच्या हाती लागतो, बाहेरचा लागत नाही. त्यामुळे केवळ बाहेरच्यांच्या पगारातून कपात करणे हा पक्षपात ठरत नाही. मात्र बाहेरच्यांना सूट नाकारणे हा उघड पक्षपात आहे आणि तो घटनेला मान्य नाही. या निकालाने मालकाकरवी राज्याचा कर कापून घेण्यास घटनात्मक आधार मिळाला. आज न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पगारपत्रकावर न्यूयॉर्कचा कर दिसतो, त्याचे मूळ येथे सापडते.

८/
तरीही रहिवाशांच्या पगारातून राज्यकर कापण्याचे धैर्य अजून कोणी केले नव्हते. त्याची पूर्वतयारी वेगळ्याच ठिकाणी झाली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानुसार जानेवारी १९३७ पासून कामगारांच्या वेतनातून एक टक्का वर्गणी कापली जाऊ लागली. त्यामुळे देशभरातील कचेऱ्यांत प्रत्येक कामगाराचा क्रमांक, खाते आणि कपातीचा रकाना तयार झाला. १ जानेवारी १९४० पासून फिलाडेल्फिया शहराने वेतनावर दीड टक्का कर लावला आणि तो मालकाकडूनच कापून घेतला. हिशेबनिसांचे हात या कामाला सरावले.

९/
मग दुसरे महायुद्ध आले. १९३९ मध्ये केंद्राचा प्राप्तिकर भरणारे सुमारे चाळीस लाख लोक होते. युद्ध संपेपर्यंत ही संख्या चार कोटींच्या पुढे गेली. श्रीमंतांचा कर सर्वसामान्यांचा झाला. पण आदल्या वर्षाचा कर पुढच्या मार्चमध्ये भरायचा, हा नियम कारखान्यातील मजुराला कसा पेलणार? लोकांनी विवरणपत्र भरावे म्हणून अर्थखात्याने १९४२ मध्ये वॉल्ट डिस्नेकडून डोनाल्ड डकचा प्रचारपट काढून घेतला. व्यंगचित्रातील बदक देशभक्तीने कर भरते, हे पाहून प्रेक्षक हसले असतील, पण खिशात रक्कम नसेल तर देशभक्तीही अडते.

१०/
तोडगा सुचविला बिअर्ड्सली रमल यांनी. ते मेसीज या प्रसिद्ध दुकानाचे कोषाध्यक्ष आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष होते. त्यांचे म्हणणे असे की, कराचे घड्याळ एक वर्ष मागे आहे, ते पुढे करावे. चालू पगारातून चालू वर्षाचा कर कापावा. पण मग १९४२ च्या थकीत कराचे काय? तो घेतला तर लोकांना एका वर्षात दोन वर्षांचा कर द्यावा लागेल. रमल म्हणाले, तो सोडून द्यावा. कोषागारात पैसा येतच राहील, त्यामुळे कोणालाच फरक जाणवणार नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा या माफीला विरोध होता, कारण तिचा मोठा लाभ धनिकांना होणार होता.

११/
अखेर तडजोड झाली. ९ जून १९४३ रोजी कायदा संमत झाला. दोन वर्षांपैकी कमी असलेल्या कराचा साधारण तीन चतुर्थांश भाग माफ झाला आणि १ जुलैपासून देशभर पगारातून कपात सुरू झाली. त्या काळी अर्थखात्यात काम करणाऱ्या तरुण अर्थतज्ज्ञांपैकी एक होते मिल्टन फ्रीडमन. पुढे ते सरकारी हस्तक्षेपाचे कडवे टीकाकार झाले. १९९८ च्या आत्मचरित्रात त्यांनी कबूल केले की, युद्धकाळात कपात आवश्यक होती, पण तिच्यामुळे सरकारचा आकार एवढा वाढेल हे आपल्या तेव्हा ध्यानात आले नाही.

१२/
विरोध केवळ पुस्तकी नव्हता. कनेक्टिकटमधील कारखानदार व्हिव्हियन केलेम्स यांनी १९४८ मध्ये जाहीर केले की, आपण कामगारांना पूर्ण पगार देऊ, कर त्यांचा त्यांनी भरावा. सरकारला वसुली कारकून हवा असेल तर त्याने पगार देऊन नेमावा. सरकारने दंडाची रक्कम त्यांच्या बँक खात्यातून उचलली. त्यांनी दावा लावला आणि पैसे परत मिळविले. पण कपातीची सक्ती घटनाबाह्य आहे, हा त्यांना हवा असलेला निकाल मात्र मिळाला नाही. सक्ती कायम राहिली आणि मालक हा सरकारचा बिनपगारी वसूलदार ठरला.

१३/
आता राज्यांची पाळी होती. केंद्रासाठी कपात होतच असे, त्या पत्रकात आणखी एक रकाना वाढविणे सोपे होते. १९४८ च्या प्रारंभी ओरेगनने प्रथम हे पाऊल उचलले. १९५२ मध्ये काँग्रेसने केंद्रीय नोकरांच्या पगारातूनही राज्यांचा कर कापून देण्याची मुभा दिली. १९५९ मध्ये गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या काळात न्यूयॉर्कने रहिवाशांच्या पगारालाही कपात लागू केली. १९२० मध्ये जी वागणूक केवळ बाहेरच्यांसाठी वाजवी ठरली होती, ती आता घरच्यांच्याही वाट्याला आली.

१४/
राज्यांच्या या उत्साहामागे तीन कारणे होती. पहिले, राज्याचा खर्च दरमहा होतो, पण कर वर्षातून एकदाच येतो. मधल्या महिन्यांत कर्ज काढावे लागते. दुसरे, जो माणूस वर्षअखेरीपूर्वी राज्य सोडून गेला त्याचा कर बुडत असे, तो आता वाचतो. तिसरे कारण फारसे उघड बोलले जात नसे. पद्धत बदलताना जुना कर माफ केला नाही, तर पहिल्या वर्षी मागचा व चालू असे दोन्ही पैसे तिजोरीत येतात. करदर न वाढविता एकदाच मिळणारी ही रक्कम अर्थसंकल्पातील मोठी तूट भरून काढू शकते.

१५/
सर्वांत गाजलेला लढा कॅलिफोर्नियात झाला. तेथे १९३५ पासून प्राप्तिकर होता, पण कपात नव्हती. १९६७ मध्ये गव्हर्नर झालेले रोनाल्ड रेगन यांनी तूट भरण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलरची करवाढ मान्य केली, मात्र कपातीला ठाम नकार दिला. कर भरताना टोचला पाहिजे, तरच नागरिक सरकारला जाब विचारेल, ही त्यांची भूमिका होती. हळूच कापलेला कर हळूच वाढविताही येतो, ही भीती त्यामागे होती. या प्रश्नावर आपले पाय काँक्रीटमध्ये पक्के झाले आहेत, असे ते जाहीरपणे सांगत. विधानसभेतील डेमोक्रॅट नेते जेस अनरू मात्र कपातीचा आग्रह सोडत नव्हते.

१६/
रेगन यांच्या युक्तिवादात तथ्य होते, पण त्याची दुसरी बाजूही होती. टोचणी सर्वांना सारखी नसते. ज्याच्याकडे बचत आहे त्याला एप्रिलमधील बिल जड जात नाही. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला संपतो, त्याला तेच बिल कर्जात लोटते. त्यातच मे १९७१ मध्ये उघड झाले की, १९७० सालासाठी खुद्द गव्हर्नरांनी राज्याचा प्राप्तिकर काहीच भरलेला नव्हता. व्यवसायातील तोट्यामुळे आपल्यावर कर लागला नाही, असे त्यांनी सांगितले. यात बेकायदा काही नव्हते, पण कर जाणवला पाहिजे असे सांगणाऱ्याला विरोधकांनी सोडले नाही.

१७/
शेवटी निर्णय तिजोरीने घेतला. १९७१ मध्ये राज्याकडे रोख रकमेची चणचण एवढी वाढली की रेगन यांनी माघार घेतली. आपल्या पायांभोवतीचे काँक्रीट तडकत असल्याचा आवाज येतो आहे, असा विनोद त्यांनी स्वतःवरच केला. १९७२ पासून कॅलिफोर्नियात पगारातून राज्यकर कापला जाऊ लागला. तत्त्वाचा वाद कोणी जिंकला नाही. खर्च रोजचा आणि वसुली वर्षाची, या विसंगतीने तो निकालात काढला.

१८/
आज ही यंत्रणा अशी चालते. नोकरीवर रुजू होताना कर्मचारी केंद्राचा डब्ल्यू-४ अर्ज भरतो. अनेक राज्यांचा स्वतंत्र अर्ज असतो, जसा कॅलिफोर्नियाचा डीई-४. वैवाहिक स्थिती व अवलंबित कळले की मालक राज्याच्या तक्त्यावरून कपात ठरवितो. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात सरसकट ३.०७ टक्के दर आहे, म्हणजे आठवड्याला १,००० डॉलर पगार असेल तर ३० डॉलर ७० सेंट कापले जातात. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात उत्पन्नाप्रमाणे दर चढतो. कापलेली रक्कम मालकाची नसते, तो केवळ विश्वस्त असतो. ती वापरून टाकणाऱ्या जबाबदार अधिकाऱ्याकडून व्यक्तिशः वसुली होऊ शकते. वर्ष संपल्यावर डब्ल्यू-२ हे पत्रक मिळते. कपात म्हणजे अंदाज असतो. खरा हिशेब विवरणपत्रात होतो आणि जास्त गेलेले पैसे परत येतात.

१९/
राहण्याचे राज्य एक आणि कामाचे दुसरे असेल, तर प्रायः कामाचे राज्य प्रथम कापते आणि राहते राज्य त्याची वजावट देते. पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी यांसारख्या काही शेजाऱ्यांनी करार केले आहेत. तेथे कर फक्त राहत्या राज्याला जातो. न्यूयॉर्क व न्यू जर्सी यांच्यात असा करार नाही. टेक्सास, फ्लोरिडा, न्यू हॅम्पशायर यांसारखी राज्ये पगारावर करच घेत नाहीत. करोनाकाळात मॅसॅच्युसेट्सने घरी बसून काम करणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या रहिवाशांचाही कर कापणे चालू ठेवले. न्यू हॅम्पशायरने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला. जेथे काम केले तेथे कर, हे १९२० चे सूत्र होते. कामाची जागा नेमकी कोणती, हा प्रश्न शंभर वर्षांनी उभा राहिला.

२०/
भारतात शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा प्राप्तिकर केंद्राकडे आहे, त्यामुळे पगारपत्रकावरील टीडीएस हा केंद्राचा. पण राज्याने मालकाकरवी पगारातून कापलेला कर महाराष्ट्रातही आहे. तो म्हणजे व्यवसाय कर. १९७५ च्या कायद्याने तो आला. ठरावीक मर्यादेवरच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. हा शंभराचा फरक अनेकांना कोड्यात टाकतो. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. अकरा महिन्यांचे २,२०० आणि एका महिन्याचे ३०० मिळून ही मर्यादा बरोबर गाठली जाते.

२१/
या कराची कुळकथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेल्या या योजनेला कायम निधी हवा होता, आणि व्यवसाय कर मुख्यतः त्यासाठीच लावला गेला. मुंबई-पुण्यातील पगारदाराच्या पत्रकातील लहानशी कपात दुष्काळी तालुक्यातील मजुराच्या हजेरीपटाशी जोडली गेली. रेगन यांची भीती येथे आठवते. ही कपात आजही होते, पण ती कशासाठी सुरू झाली हे किती पगारदारांना ठाऊक आहे? न जाणवणाऱ्या कराबरोबर त्याचे कारणही विस्मरणात जाते.

२२/
कपातीमुळे एप्रिलचे एकरकमी ओझे सामान्य नोकरदाराच्या डोक्यावरून उतरले, हे खरे. सरकारला वर्षभर पैसा मिळू लागला, शाळा-रस्ते अडले नाहीत, हेही खरे. त्याची किंमत एवढीच की, आपण किती देतो याचे भान ठेवण्याचे काम आता नागरिकाने स्वतः करायचे आहे. पगारपत्रकावर एकूण वेतन आणि हाती येणारी रक्कम असे दोन आकडे असतात. त्या दोहोंमधल्या ओळी महिन्यातून एकदा सावकाश वाचाव्यात. त्यांतील प्रत्येक ओळीमागे कोणीतरी कधीतरी भांडलेले असते.